दमल्याचं सोंग

इंद्रजित साळोखे बहात्तराव्या मिनिटाला मैदानावर कोसळला. का कोसळला, ते डॉक्टरांनी तासाभरात सांगितलं. त्या वेळी दुसरीकडे कोण काय करत होतं, ते कळायला मात्र त्याच्या बहिणीला चौदा महिने लागले.

एप्रिलची दुपार होती, हवा एक्केचाळीस अंशांवर. पंचगंगा एफसीचा सव्वीस वर्षांचा सेंटर-बॅक इंद्रजित एका साध्या हेडरसाठी उडाला आणि खाली आला तो उठलाच नाही. उष्माघात. अंगातला ताप बेचाळीसच्या वर. कोल्हापूरच्या इस्पितळात अकरा दिवस काढून तो वाचला, पण तोल सांभाळणारा लहान मेंदू त्या तापात भाजून निघाला होता. त्यानंतर तो पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालायचा. कपातला चहा अर्धा बशीत जायचा. शब्द एकेक करून बाहेर पडायचे, मध्ये अंतर ठेवून.

त्याची थोरली बहीण शुभदा चाळिशीची. माणसाच्या चालण्याचं शास्त्र हा तिचा विषय. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं आणि निशिकांत गद्रेनं नऊ वर्षं खपून एक यंत्रणा तयार केली होती. तिचं नाव त्यांनी ‘वाचक’ ठेवलं होतं.

वाचक काय वाचायचा? माणूस धावताना त्याचं प्रत्येक पाऊल सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा वेळ जमिनीला टेकलेलं असतं. स्नायू दमले की त्यात आठ-दहा मिलिसेकंदांची भर पडते. डाव्या आणि उजव्या पावलांत किंचित फरक पडू लागतो. हे डोळ्यांना दिसत नाही, स्वतः खेळाडूलाही कळत नाही, पण वेगवान कॅमेऱ्याला दिसतं. वाचक कॅमेऱ्याच्या चित्रातून बावीस खेळाडूंचे सांगाडे रेखाटायचा आणि प्रत्येकाचं पाऊल मोजायचा. बचावफळीतल्या चौघांपैकी तिघांत ही खूण दिसली की पुढच्या सहा-सात मिनिटांत गोल होण्याची शक्यता तिपटीनं वाढते, हे त्यांना हजारो मॅचेस तपासून कळलं होतं.

त्याला आणखी एक गोष्ट कळायची. उष्माघाताच्या वाटेवर असलेल्या माणसाचं डोकं धावताना धडाच्या किंचित मागे राहू लागतं आणि पावलं रुंद पडतात. हे कोसळण्याआधी दहा-दहा मिनिटं दिसतं. अशा खेळाडूवर वाचक लाल खूण करायचा. शुभदाला स्वतःच्या कामातलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटायचं.

निशिकांतला दुसरंच काही दिसलं. परदेशात फुटबॉलच्या गोलांवर सौदे करणारी एक्सचेंज होती. तिथं बुकी नसतो. माणसं एकमेकांशीच सौदा करतात. ‘या मॅचमध्ये गोल होणार’ असा एक कागद असतो. कुठल्याही संघाचा गोल झाला तर त्याचे शंभर मिळतात, नाही झाला तर शून्य. मॅच सुरू होताना तो कागद नव्वदच्या वर असतो आणि गोल नाही झाला तर मिनिटामिनिटाला वितळत जातो. सत्तराव्या मिनिटाला त्याचा भाव पन्नासच्या आसपास येतो. बचाव आता फुटणार हे ज्याला बाकीच्यांआधी कळेल, त्यानं तो स्वस्तात घ्यायचा आणि थांबायचं.

दोघांनी भागीदारी मोडली. सौद्यांसाठी वाचक वापरायचा हक्क घेऊन निशिकांतनं पणजीत ऑफिस थाटलं, वैद्यकीय हक्क शुभदाकडे राहिला. करारात तिनं एकच अट घातली होती. लाल खूण दिसली की ती त्याच क्षणी मैदानावरच्या डॉक्टरच्या फोनवर गेली पाहिजे.

इंद्रजित पडला तेव्हा निशिकांत पणजीहून गाडी करून इस्पितळात आला होता. फळांची करंडी घेऊन. इंद्रजित त्याला निशीदादा म्हणायचा. दोन तास तो शुभदाशेजारी बाकावर बसला होता आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, “लाल खूण आली नाही गं. आपलं यंत्र कमी पडलं.”

चौदा महिने तिनं ते खरं मानलं. यंत्रात कुठं चूक राहिली ते शोधण्यासाठी तिनं त्या मॅचचं चित्रण मिळवलं आणि आपल्याजवळच्या जुन्या वाचकाला दाखवलं. एकसष्टाव्या मिनिटाला, एकतिसाव्या सेकंदाला चार नंबरच्या खेळाडूवर लाल खूण उमटली. चार नंबर म्हणजे इंद्रजित.

तिनं तीनदा पुन्हा लावून पाहिलं. मग एक्सचेंजवरचा त्या दिवसाचा भावाचा आलेख काढला. तो कुणालाही बघता येतो. साठाव्या मिनिटापासून चेंडू मध्यभागी नुसता रेंगाळत होता, भाव हळूहळू उतरत होता. एकसष्ट मिनिटं चाळीस सेकंदांनी तो एकदम सात अंकांनी वर उसळला. कुणीतरी गोलचे कागद पोत्यानं विकत घेतले होते. खूण उमटल्यापासून नऊ सेकंदांत.

तिनं फोन केला.

“खूण आली होती, निशिकांत.”

“कुणी सांगितलं?”

“आली होती ना?”

“शुभदा, हे बघ. डॉक्टरला कळवलं की खेळाडू बाहेर जातो. खेळाडू बाहेर गेला की बचाव सावरतो. मग आम्ही वाचलं ते फुकट जातं. ती अट व्यवहारात चालण्यासारखी नव्हती. आम्ही प्रोग्रॅममधली ती ओळ काढून टाकली, बस. आम्ही काही डॉक्टर नाही.”

“तू करंडी घेऊन आला होतास.”

“मला वाईट वाटलं होतं म्हणून आलो होतो,” तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत असावं. तिला त्याचाच जास्त संताप आला.

वकिलांनी कागद चाळले. कंपनी एका देशात, एक्सचेंज दुसऱ्या, करार तिसऱ्याच कायद्याखाली. खटला उभा राहायलाच सहा वर्षं लागतील, असं ते म्हणाले. शुभदानं फायली पिशवीत भरल्या आणि घरी आली. इंद्रजित अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होता. एक शर्ट दोरीवर टाकायला त्याला चार वेळा हात फेकावा लागला. ती दारात उभी राहून बघत राहिली आणि त्याच दुपारी तिनं ठरवलं की निशिकांतला बुडवायचं. पैशानं बुडवायचं, कारण दुसरं काही त्याला कळत नव्हतं. आणि वाचकाच्याच हातून बुडवायचं.

*

पुढच्या हंगामात ती पंचगंगा एफसीत खेळाडूंच्या हालचालींची तज्ज्ञ म्हणून रुजू झाली. तिनं सगळा बेत सांगितला तो फक्त चार बचावपटूंना, गोलकीपरला आणि फिजिओ कुंभार सरांना. हे सगळे इंद्रजितबरोबर खेळलेले होते. इंद्रजितच्या जागी, त्याचाच चार नंबर घालून, आता आसिफ मुजावर खेळायचा. तोच कप्तान होता आणि तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या, पोरसवदा संघापासूनचा इंद्रजितचा दोस्त.

“म्हणजे आपण गोल सोडायचा न्हाई?” आसिफनं विचारलं.

“अजिबात नाही. जिंकायलाच खेळायचं. कुणी एक रुपया कशावर लावायचा नाही, घरच्यांनीसुद्धा. आपण फक्त दमल्यासारखं धावायचं. चेंडू लांब असताना, जागेवर परत येताना. चेंडू आला की खरं धावायचं.”

“आणि त्येनं ते यंतर फसतंय?”

“तुम्ही दमलात असं त्याला वाटेल. बचाव फुटणार म्हणून ते गोलचे कागद घेत सुटेल. जितका वेळ सोंग टिकेल तितकं जास्त घेईल. गोल झाला नाही की सगळे कागद शून्य.”

“आक्का, ह्यात गुन्हा काय हाय का?”

“दमल्याचं सोंग करायला कुठल्याही नियमात बंदी नाही.”

आसिफ हसला. “मग शिकवा की.”

हे एकदाच करता येणार होतं. वाचक रोज शिकत असे. एकदा फसला की पुढच्या वेळी या खेळाडूंवर त्यानं विश्वास ठेवला नसता. म्हणून सराव कॅमेऱ्यांपासून लांब, तालमीच्या बंद हॉलमध्ये चालायचा. एका भिंतीला शुभदाचा जुना वाचक लावलेला असायचा. पोरं समोरून धावायची आणि पडद्यावर आकडा यायचा. टाच किंचित आधी टेकवायची, डावं पाऊल केसभर जास्त थांबवायचं, हात सैल सोडायचे. लेफ्ट-बॅक सरनोबतला काही केल्या ते जमेना. तो दारू प्यायल्यासारखा झुलायचा आणि वाचक त्याच्यापुढे शून्य दाखवायचा. आसिफला मात्र आठवड्यातच साधलं.

इंद्रजित कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघायचा. एकदा आसिफ त्याच्याकडे वळून म्हणाला, “इंद्या, तुज्यागत चालून दावू?” पोरं जिथल्या तिथं थांबली. आसिफनं पाय फाकवले, मान मागं टाकली आणि हॉलभर एक फेरी मारली. पडद्यावर लाल खूण उमटली. इंद्रजित आधी हसला, मग सगळेच हसले. हसता हसता आसिफच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घरी जाताना इंद्रजितनं शुभदाचा दंड धरला. “आक्का. त्येला... बुडवल्यावर... तुला झोप... लागंल?”

“लागेल,” ती म्हणाली.

“मग... कर. मी... बाकावर बसणार. तिथनं... बघणार.”

*

संघ अंतिम सामन्यात पोचला तो मे महिन्यात. सामना कोल्हापुरातच, दुपारी साडेचारला, समोर मलबार रोव्हर्स. देशातल्या एवढ्या मोठ्या सामन्यावर एक्सचेंजमध्ये उलाढालही तेवढीच मोठी होणार होती.

शुभदानं निशिकांतला आपणहून फोन केला. झालं गेलं मागे टाकू, पुन्हा एकत्र कामाचं बघू, असं म्हणाली. तो एवढा खूश झाला की त्यानं तिला सामन्याच्या दिवशी पणजीच्या ऑफिसात बोलावलं. खरं तर तिची जागा कोल्हापुरात, संघाच्या बाकावर होती. पण कागद शून्य होतील तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते तिला समोर बसून बघायचं होतं. कुंभार सरांना तिनं सांगितलं की फोन हातात ठेवा, आणि ती गोव्याला गेली.

ऑफिस थंडगार होतं. एका भिंतीवर मैदानातून थेट येणारं चित्र, टीव्हीच्या काही सेकंद पुढे. दुसऱ्या भिंतीवर सांगाडे आणि आकडे. निशिकांतशिवाय सौदे बघणारी एकच बाई होती, लोटलीकर नावाची. सौदे वाचकच करायचा. ती फक्त लक्ष ठेवायची.

“कसं वाटतंय?” निशिकांतनं विचारलं. त्याचे केस पांढरे झाले होते आणि त्याला ते शोभत होते. “तुझंच काम आहे हे. मी फक्त मोठं केलं.”

“हो,” ती म्हणाली. “बघतेय मी.”

पंचावन्नाव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग सोंग सुरू झालं. आसिफची पावलं जड झाली, राईट-बॅकची झाली, सरनोबतनंही कसंबसं जमवलं. वाचकाचा आकडा चढू लागला. बाजार म्हणत होता गोलची शक्यता पंचावन्न. वाचक म्हणायला लागला त्रेसष्ट, मग अडुसष्ट, मग बहात्तर. आणि तो कागद घेत सुटला. पासष्टाव्या मिनिटाला लोटलीकर म्हणाली, “सर, आजवरचा सगळ्यांत मोठा सौदा होईल हा.”

“होऊ दे,” निशिकांत म्हणाला. “तिघंही संपलेत. बघ त्यांच्याकडे.”

शुभदा त्याच्याकडे बघत होती. खूप वर्षांनी तिला गोड काहीतरी खाल्ल्यासारखं वाटत होतं. त्याची बोटं टेबलावर ताल धरत होती. आणखी घे, ती मनात म्हणत होती. आणखी. घर घाल, गाडी घाल, हे थंडगार ऑफिस घाल.

सत्तराव्या मिनिटाला चार नंबरवर लाल खूण उमटली.

वाचकाचा आकडा शहात्तरवर गेला. निशिकांतनं खुणेकडे पाहिलं आणि नजर पुन्हा आकड्यावर नेली. शुभदाला वाटलं, आसिफ रंगात आलाय. हॉलमधली ती फेरी मारून दाखवतोय. तरी तिनं घड्याळाकडे पाहिलं. पंचाहत्तराव्या मिनिटाला पाण्याची सुट्टी होती. पाच मिनिटं. तेवढ्यात काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं, कारण आत्ता आसिफ बाहेर गेला असता तर सोंग तिथंच मोडलं असतं आणि निशिकांत कमी बुडाला असता.

मग चेंडू बाहेर गेला. थ्रो पंचगंगेचा होता. सगळे पुढे सरकले. आसिफ मात्र आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला, जणू हल्ला तिकडेच करायचा होता. कुणीतरी हाक मारली तेव्हा त्यानं भलत्याच बाजूला मान वळवली.

हे तिनं कुणाला शिकवलं नव्हतं.

तिनं फोन लावला. कुंभार सरांच्या मागे स्टेडियम गर्जत होतं.

“सर, आसिफला बाहेर काढा.”

“मॅडम, ठरल्यापरमाणंच चाललंय की! झकास करतंय पोरगं.”

“सर, हे नाटक नाही! तो खरंच पडतोय!” ती उभी राहून ओरडत होती. “बर्फात घाला त्याला, आत्ता!”

“आं? आत्ताच अंगठा दावला की त्येनं मला...”

“इंद्याला फोन द्या.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. इंद्रजितचा श्वास ऐकू आला. “आक्का. मला... बी... तसंच...” त्याचं वाक्य पुरं झालं नाही. भिंतीवरच्या चित्रात, बाकांच्या रांगेतून एक माणूस उठून पांढरी रेघ ओलांडून आत आला. पाय फाकलेले, हात हवेत. कडेला उभ्या असलेल्या चौथ्या पंचानं त्याला धरायचा प्रयत्न केला, तो सुटला. प्रेक्षकांतून आधी शिट्ट्या झाल्या. मग कुणीतरी त्याला ओळखलं असावं, कारण शिट्ट्या थांबल्या. तो दोनदा पडला, दोनदा उठला आणि थेट आसिफच्या दिशेनं चालत राहिला. पंचांनी खेळ थांबवला. इंद्रजित आसिफपर्यंत पोचला, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि दोघंही गवतावर बसले. आसिफ पुन्हा उठला नाही. स्ट्रेचर धावत आलं.

शुभदाच्या पाठीमागे निशिकांत हलक्या आवाजात म्हणाला, “नाटक?”

ती वळली नाही.

“शुभदा, नाटक म्हणजे काय? बाकीचे दोघं...” तो थांबला. तो मूर्ख कधीच नव्हता. “दमलेले नाहीत ते. कुणीच दमलेलं नाही.”

तिनं पर्स उचलली आणि दाराकडे निघाली. मागून त्याचा आवाज आला, आता चढलेला. “लोटलीकर, सगळं विका. बाजाराला कळायच्या आत. आणि उलट बाजू घ्या. गोल होणार नाही, तेवढं सगळं घ्या.”

“सर, वाचक अजून शहात्तर सांगतोय.”

“वाचकाला बंद करा! हातानं करा!”

शुभदा तोवर जिन्यात होती.

टॅक्सी मांडवीच्या पुलावर असताना कुंभार सरांचा फोन आला. आसिफ बर्फाच्या टबात होता. “एक्केचाळीस आठ होता मॅडम, आता चाळीसवर आलाय. बोलतोय. आईचं नाव सांगितलं बरोबर.” तेवढ्यात त्यांच्या मागे असा काही आवाज उठला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत, एक्क्याण्णवाव्या मिनिटाला सरनोबत डाव्या बाजूनं धावत सुटला होता. अर्धा तास पाय राखून खेळलेल्या त्याच्या ताज्या पायांना मलबारच्या कुणालाच गाठता आलं नाही. त्याच्या क्रॉसवर पंचगंगेनं गोल केला होता.

“मॅडम, गोल! ऐकलं काय?”

“आसिफचा ताप दर दोन मिनिटांनी सांगत राहा,” ती म्हणाली. पुढचे तीन तास ती तेवढंच विचारत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आसिफ खाटेवर उठून बसला होता. हात सरळ नाकापर्यंत जात होता, शब्द सलग येत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी चार मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं.

शुभदा त्याच्यासमोर स्टुलावर बसली. “आसिफ, खूण दिसल्यावर मी लगेच फोन केला नाही. चाळीस सेकंद थांबले.”

“सोंग वाटलं आसंल तुमाला.”

“आधी वाटलं. पण थांबले ते त्याला आणखी बुडू द्यावं म्हणून.”

आसिफ तिच्याकडे बघत राहिला. “आक्का, मला बरं वाटंना हे मला बी कळालंवतं. मी बी सोंग चालू ठिवलं. इंद्यासाठी.” मग तो भिंतीकडे वळला. “पर आता पुन्हा न्हाई करणार मी.”

“नाही,” ती म्हणाली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. पंचगंगेच्या बचावफळीनं वाचकाला कसं खेळवलं, हे महिनाभरात सगळ्या संघांना माहीत झालं आणि सगळीकडे बचावपटू उगाचच पाय ओढत धावू लागले. सौदेवाल्यांची यंत्रं आंधळी झाली. त्याबरोबर शुभदाची वैद्यकीय यंत्रणाही. लाल खूण उमटली की आता मैदानावरचा डॉक्टर आधी विचारायचा, खरं आहे की सोंग? तिची नऊ वर्षांची कमाई तिनं स्वतःच्या हातानं मोडली होती. ती पुन्हा पहिल्यापासून कामाला बसली. या वेळी पावलांवर भरवसा न ठेवता, कानात बसवून अंगातला खरा ताप मोजणाऱ्या एका छोट्या बटणावर. ते मात्र ती कुणालाही विकणार नव्हती.

निशिकांत आला तो जूनच्या शेवटी, भर दुपारी, तालमीच्या हॉलवर. गाडी नव्हती, एसटी स्टँडवरून रिक्षानं आला होता. पणजीचं ऑफिस बंद पडलं होतं. ज्यांचे पैसे त्यानं लावले होते त्यांनी उरलंसुरलं सगळं ताब्यात घेतलं होतं. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. तो दारातच उभा राहिला.

“मला एकच विचारायचंय,” तो म्हणाला. “ते ओरडणं. ते ठरवलेलं होतं, ना? मी ऐकावं म्हणून? तू आधी मला एका बाजूला नेलंस आणि मग नाटकाचं बोलून दुसऱ्या बाजूला ढकललंस. दीड महिना मी तेच आठवतोय. काय डोकं चालवलंस, शुभदा.”

तिला हो म्हणता आलं असतं. तो ते कौतुक म्हणून घेऊन गेला असता. हुशार माणसानं आपल्याला हरवलं, एवढं समाधान त्याला पुरलं असतं. तेवढंही त्याला द्यायची तिची इच्छा नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “मी म्हणाले होते, हे नाटक नाही, तो खरंच पडतोय. पूर्ण वाक्य तुझ्या कानावर पडलं होतं. त्यातला एक शब्द तू उचललास आणि सौदा केलास.”

त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

“लाल खूण खरी होती, निशिकांत. आणि गोलही झाला. वाचक शहात्तर म्हणत होता ना? तू हात लावला नसतास, आहेस तिथं नुसता बसून राहिला असतास, तर जन्मभर पुरेल इतकं जिंकला असतास. माझा सगळा बेत पाण्यात गेला असता आणि मी काही करू शकले नसते. तुला मी बुडवलं नाही.”

त्याचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता. पंचावन्नाचा कागद, शंभर, किती कागद. आकडा कुठंतरी पुरा झाला असावा, कारण त्यानं चौकटीला हात टेकला. तिनं त्याला सावकाश, मन भरेपर्यंत बघून घेतलं. मग तो वळला, पायऱ्या उतरला आणि उन्हात रिक्षा शोधू लागला.

आसिफ कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर तिनं त्याला आत बोलावून पाणी दिलं असतं.